आप्तवाक्याची परीक्षा

इ. स. १९७९ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय वैद्यकाचा होता. परंतु त्या निबंधाने उभा केलेला प्रश्न मूलतः ज्ञानमीमांसेचा आहे, आणि तो अद्याप निकालात निघालेला नाही. मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग होऊन येणाऱ्या दुखण्याचे, म्हणजे मेनिंजायटिसचे, दहा रुग्ण त्यासाठी निवडण्यात आले होते. ज्या यंत्राची परीक्षा व्हावयाची होती त्याच्या ज्ञानसंग्रहाचा परिचय निवड करणाऱ्या डॉक्टरांना नव्हता. प्रत्येक रुग्णाची हकीकत कागदावर उतरवून ती स्टॅनफर्ड विद्यापीठातील संसर्गजन्य रोगांच्या पाच अध्यापकांना, त्याच शाखेत पुढील प्रशिक्षण घेणाऱ्या एका डॉक्टरांना, एका निवासी डॉक्टरांना, एका वैद्यकीय विद्यार्थ्याला आणि ‘मायसिन’ नावाच्या संगणकीय आज्ञावलीला देण्यात आली. रुग्णावर प्रत्यक्षात जो उपचार झाला होता, तो दहावा. अशा रीतीने प्रत्येक रुग्णामागे दहा उपचारयोजना जमल्या. आणि कोणती कोणाची हे न सांगता त्या स्टॅनफर्डबाहेरच्या आठ तज्ज्ञांपुढे ठेवण्यात आल्या. तज्ज्ञांनी आधी स्वतःची योजना लिहावयाची, आणि मग समोरची प्रत्येक योजना आपल्या योजनेच्या तोडीची आहे, पर्याय म्हणून चालण्याजोगी आहे, की अग्राह्य आहे, एवढेच सांगावयाचे.

दहा रुग्ण आणि आठ परीक्षक म्हणजे प्रत्येक उपचारकर्त्याविषयी ८० अभिप्राय. त्यांतील ५२ मायसिनला अनुकूल पडले, म्हणजे ६५ टक्के. पाच अध्यापकांत ज्यांना सर्वाधिक मान्यता मिळाली त्यांचे प्रमाण ६२.५ टक्के, आणि ज्यांना सर्वांत कमी मिळाली त्यांचे ४२.५ टक्के होते. विद्यार्थी ३० टक्क्यांवर राहिला. शिवाय, औषधाने काबूत येऊ शकणारा एकही जंतू मायसिनच्या योजनेतून निसटला नव्हता, आणि त्यासाठी औषधांचा भडिमारही त्याने केला नव्हता.

यंत्राने माणसावर मात केली, अशा थाटात या आकड्यांचा उल्लेख पुढे अनेकांनी केला. आकडे खरे आहेत. त्यांचे वाचन मात्र एकेरी झाले. त्याच तक्त्याचे दुसरे टोक असे की, सर्वांत श्रेष्ठ ठरलेल्या योजनाही ८० पैकी २८ वेळा तज्ज्ञांनी अग्राह्य ठरविल्या. आणि ज्यांच्याकडून इतरांनी शिकावे अशा एका अध्यापकाचा सल्ला त्याच विषयातील परस्थ तज्ज्ञांना निम्म्याहून अधिक वेळा पसंत पडला नाही. परीक्षा यंत्राची घ्यावयाची होती. प्रत्यक्षात ज्या मापाने ते मोजावयाचे, त्या मापातली तफावतच आधी दिसून आली.

हे यंत्र घडले कसे, हे पाहिल्यावाचून या तफावतीचा अर्थ लागत नाही. एडवर्ड शॉर्टलिफ, ब्रूस ब्यूकॅनन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात स्टॅनफर्ड येथे मायसिनची रचना केली. नेहमीच्या आज्ञावलीत संगणकाने काय करावे याची क्रमवार पायरी लिहिलेली असते. मायसिनमध्ये तसे नव्हते. त्यात सुमारे पाचशे सुटे नियम होते, आणि प्रत्येक नियम ‘जर’ आणि ‘तर’ या दोन शब्दांवर तोललेला होता. उदाहरणार्थ, जंतू ग्रॅम-ऋण असेल, आकाराने दंडगोल असेल आणि प्राणवायूवाचून वाढणारा असेल, तर तो बॅक्टेरॉइडिस कुळातला असल्याचा संभव ०.६ इतक्या वजनाचा मानावा. हे वजन उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान असे, आणि ते तज्ज्ञाला विचारूनच ठरविलेले असे. यंत्र डॉक्टरला प्रश्न विचारी, उत्तरांवरून नियमांची साखळी उलट्या दिशेने जुळवीत जाई, आणि शेवटी औषधाची शिफारस करी. मध्येच ‘का?’ असे विचारले तर ज्या नियमापाशी ते त्या वेळी थांबलेले असे, तो नियम ते दाखवी. अशा रचनांना पुढे ‘ज्ञानाधिष्ठित प्रणाली’ किंवा ‘तज्ज्ञ-प्रणाली’ हे नाव पडले.

अर्थात, हे ज्ञान यंत्राने मिळविलेले नव्हते. तज्ज्ञाजवळ बसून, त्याला पुन्हा पुन्हा टोकून, त्याच्या अंगवळणी पडलेले शहाणपण शब्दांत उतरवून घेण्याचे काम करणारा एक नवाच वर्ग या निमित्ताने उदयाला आला. तज्ज्ञाला जे कळते ते सगळेच त्याला सांगता येते असे नाही. आणि जे तो सांगतो त्याप्रमाणेच तो वागतो असेही नाही. जुन्या गवयाकडून शास्त्र लिहून घेणाऱ्या संगीतशास्त्रज्ञाला जी अडचण आली असेल, तीच येथेही होती. गवई गाऊन दाखवितो. लिहिणाऱ्याला मात्र वाक्य हवे असते.

अशी वाक्ये जमली की पहिली तपासणी त्यांच्या आपसांतील संबंधांची. हे काम तुलनेने सरळ आहे. शॉर्टलिफ यांच्यासह मोतोई सुवा आणि कार्लाइल स्कॉट यांनी १९८२ मध्ये कर्करोगाच्या उपचारासंबंधीच्या ‘ऑन्कोसिन’ या प्रणालीसाठी तशी रीत सिद्ध केली. एकाच परिस्थितीत दोन नियम परस्परविरुद्ध निष्कर्ष देतात काय, एक नियम दुसऱ्याच्या पोटात पूर्णपणे सामावतो काय, एखादी परिस्थिती कोणत्याच नियमाच्या कक्षेत येत नाही असे घडते काय, हे संगणकच शोधून काढू शकतो. ही झाली पडताळणी. तिच्यातून नियमसंग्रह सुसंगत आहे एवढेच सिद्ध होते. तो खरा आहे, हे होत नाही. सुसंगत असत्याची रचना करता येते, हे कादंबरीच्या वाचकाला निराळे सांगावयास नको.

दुसरी तपासणी प्रामाण्याची, आणि खरी अडचण तेथे सुरू होते. मायसिनच्या आधीच्या चाचणीत आपण संगणकाचा सल्ला तपासत आहोत हे परीक्षकांना ठाऊक होते. यंत्राविषयी मनात अढी असेल तर ती अभिप्रायात उतरणार, कौतुक असेल तर तेही उतरणार. म्हणून १९७९ च्या परीक्षेत नावे झाकली गेली. नावे झाकल्याने पक्षपात गेला. पण परीक्षक काय तपासत होते, हा प्रश्न तसाच राहिला. समोरची योजना स्वतःच्या योजनेशी जुळते काय, किंवा निदान तिच्या शेजारी बसू शकते काय, हे ते पाहत होते. म्हणजे ६५ टक्के हे प्रमाण सत्याचे नसून संमतीचे आहे. सोनार ज्या दगडावर सोने घासतो तो दगड सोन्याचा नसतो. येथे कस लावणारा आणि कसाला लागणारा, दोघांचेही ज्ञान एकाच खाणीतले होते.

तज्ज्ञांची संमती म्हणजे सत्य नव्हे, हे जुन्या ग्रंथांच्या पाठचिकित्सेत फार पूर्वीच ओळखले गेले आहे. दहा हस्तलिखितांत एकच पाठ आढळला म्हणून तो मूळचा ठरत नाही. दहाही प्रती एकाच चुकलेल्या प्रतीवरून उतरल्या असण्याचा संभव असतो, आणि सर्वांनी मिळून केलेली एकच चूक ही त्यांच्या समान वंशाची खूण मानली जाते. एकाच परंपरेत शिकलेले आठ तज्ज्ञ एखाद्या गोष्टीवर एकमत झाले, तर त्यांची परंपरा एक आहे एवढे निश्चित होते. मायसिनच्या बाबतीत ते एकमतही नव्हते, हा भाग वेगळा.

निदानाच्या क्षेत्रात ही अडचण काही अंशी टाळता येते. पिट्सबर्ग विद्यापीठात डॉ. जॅक मायर्स यांच्या अनुभवावर ‘इंटर्निस्ट-१’ ही प्रणाली उभारण्यात आली होती. तिची परीक्षा १९८२ मध्ये न्यू इंग्लंडच्या सुप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात पूर्वी छापल्या गेलेल्या १९ अवघड रुग्णांच्या हकीकतींवर झाली. त्या रुग्णांच्या रोगांचा निर्णय शरीराच्या प्रत्यक्ष तपासणीने लागून गेलेला होता. एकूण ४३ निदानांपैकी प्रणालीला २५ साधली, रुग्णालयातील डॉक्टरांना २८, आणि चर्चेसाठी बोलाविलेल्या विशेषज्ञांना ३५. येथे माप माणसाच्या मताबाहेरचे होते, आणि म्हणूनच यंत्राचे उणेपण स्वच्छ दिसले. परंतु उपचाराचे तसे नसते. काय झाले होते, हे शरीर उघडल्यावर कळते. काय करावयास हवे होते, हे त्यातून कळत नाही.

भारतीय दर्शनांनी या प्रश्नाचा पाठपुरावा ज्या चिकाटीने केला, तिचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. ज्ञानाचे प्रामाण्य ज्ञानाबरोबरच येते, बाधक प्रत्यय येईपर्यंत त्यावर संशय घेण्याचे कारण नाही, असे मीमांसकांनी मानले. नैयायिकांना हे मान्य नव्हते. प्रामाण्याचा निश्चय बाहेरून व्हावयास हवा, असा त्यांचा आग्रह. त्यावर मीमांसकांचा आक्षेप असा की, पहिल्या ज्ञानाला दुसऱ्याचा आधार लागत असेल तर दुसऱ्याला तिसऱ्याचा लागेल, आणि अनवस्था ओढवेल. आठ परीक्षकांनी मायसिनची परीक्षा घेतली, तर त्या आठांची कोणी घ्यावी? स्टॅनफर्डच्या तक्त्याने हा शतकानुशतकांचा आक्षेप टक्केवारीत मांडून दाखविला, असे म्हणण्यास हरकत नाही.

अनवस्था टाळण्यासाठी नैयायिकांनी जो मार्ग सुचविला तो प्रवृत्तिसामर्थ्याचा; वात्स्यायनांच्या न्यायभाष्याचा आरंभच या विचाराने होतो. दुरून जे पाणी वाटले ते पाणी आहे की मृगजळ, याचा निर्णय वादाने होत नाही. जवळ जावे, ओंजळ भरावी. तहान भागली तर ज्ञान यथार्थ. ज्ञानाधिष्ठित प्रणालीच्या बाबतीत याचा अर्थ उघड आहे. तिच्या सल्ल्याप्रमाणे उपचार करून रुग्ण बरे होतात की नाही, हे पाहावे. वरवर हे उत्तर निर्णायक वाटते. परंतु या दृष्टांतातला तहानलेला मनुष्य स्वतःच्या पायांनी पाण्याकडे चालत जातो, आणि फसला तर त्याची फसगत त्याच्यापुरती असते. रुग्णालयात पाण्याचे ज्ञान एकाचे आणि तहान दुसऱ्याची असते. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवातील जंतू वाढवून ओळखण्यास एक-दोन दिवस लागतात. मेनिंजायटिसचा रुग्ण तेवढा अवधी देत नाही. जंतू ओळखण्यापूर्वीच औषध निवडावे लागते, आणि निवड चुकली तर तो प्रयोग पुन्हा करता येत नाही. यंत्रावर विश्वास बसल्याखेरीज त्याच्या हाती रुग्ण देणे अनुचित, आणि रुग्ण त्याच्या हाती दिल्याखेरीज विश्वासाला आधार नाही. कागदावरची परीक्षा हा या कोंडीतून काढलेला सभ्य मार्ग होता. तिची मर्यादा तिच्या कर्त्यांना कळत नव्हती असे मानणे अन्यायाचे ठरेल.

मात्र कागदावर उतरताना काय सुटते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्या परीक्षेत माणसे आणि यंत्र यांना समान पातळीवर आणण्यात आले, ते माणसांना यंत्राच्या पातळीवर आणून. अध्यापकांनाही रुग्ण दिसला नाही. त्याच्या मानेचा ताठरपणा त्यांनी हाताने अजमावला नाही, आईच्या सांगण्यातली चलबिचल ऐकली नाही. जे लिहिलेले होते तेवढेच खरे मानून त्यांना निर्णय द्यावा लागला. यंत्राच्या बाबतीत हीच स्थिती नेहमीची आणि कायमची.

संगणकशास्त्रातील अग्रणी जॉन मॅकार्थी यांनी १९८४ मध्ये याच दिशेने एक मर्मभेदी आक्षेप घेतला. रुग्णाच्या आतड्यात पटकीचे जंतू आहेत असे मायसिनला सांगितले, तर ते दोन आठवडे टेट्रासायक्लिन द्यावयास सांगेल आणि तेथेच थांबेल, असे त्यांनी दाखवून दिले. औषधाने जंतू मरतील यात शंका नाही. पण रुग्ण त्याच्या कितीतरी आधी जुलाबांनी गेलेला असेल. मायसिनच्या जगात जंतू आहेत, लक्षणे आहेत, औषधे आहेत. मृत्यू नाही, आणि काळाचा ओघही नाही. त्याचे सर्व नियम सुसंगत असूनही हे घडते, आणि मेनिंजायटिसच्या दहा हकीकतींच्या परीक्षेत हे उघडकीस येण्याचा संभव नव्हता.

पटकीचेच उदाहरण निघाले म्हणून तिच्या उपचाराचा इतिहासही आठवावा. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीने कहर केला, तेव्हा बंगालच्या सीमेवरील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळचा शिरेतून देण्याच्या सलाईनचा साठा संपत आला. ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रुग्णांना पाजावे, आणि पाजण्याचे काम त्यांच्या नातलगांवरच सोपवावे, असा निर्णय त्यांनी घेतला. या मिश्रणावर कलकत्ता आणि ढाका येथे संशोधन झालेले होते. परंतु अप्रशिक्षित हातांत ते सोपविण्याविषयी जाणकारांचा अनुकूल ग्रह नव्हता. त्या दिवसांत आठ नामांकित तज्ज्ञांपुढे ही योजना नाव झाकून ठेवली असती, तर ती अग्राह्य ठरण्याचा संभव बराच होता. पूर्वी शेकडा वीस-तीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण तेथे ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. ही प्रवृत्तिसामर्थ्याची कसोटी होती, आणि तिच्यापाशी एक मनुष्य उभा होता. निर्णय फसला असता, तर जाब द्यावयास तो जागेवर सापडला असता.

याच ठिकाणी आप्तवाक्याचा विचार येतो. शब्दाला प्रमाण मानावयाचे तर तो आप्ताचा असावा, असे न्यायदर्शन सांगते. आणि आप्त कोण, हे सांगताना वात्स्यायनांनी दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. त्याने ती वस्तू स्वतः साक्षात जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची इच्छा त्याच्या ठायी असावी. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना हे लक्षण सारखेच लागू पडते, अशी पुस्तीही त्यांनी जोडली आहे. यंत्राला ही उदारता लाभेल काय? मायसिनने काही पाहिलेले नव्हते. पण पुस्तकावरून शिकलेल्या विद्यार्थ्यानेही फारसे पाहिलेले नसते. दुसऱ्या लक्षणापाशी मात्र तुलना तुटते. यथार्थ सांगण्याची इच्छा जेथे आहे, तेथेच अयथार्थ सांगितल्याची खंत संभवते. तिच्यामुळे मनुष्य आपले वाक्य मागे घेतो, अपवाद ओळखतो, ‘हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे’ असे कबूल करतो.

विल्यम क्लॅन्सी यांनी १९८३ च्या आपल्या विवेचनात याचे फार बोलके उदाहरण दिले आहे. आठ वर्षांखालील मुलाला टेट्रासायक्लिन देऊ नये, असा मायसिनमध्ये एक नियम होता. नियम रास्त होता. परंतु ते औषध वाढत्या हाडांत व दातांत साठते आणि दात कायमचे डागाळतात, हे त्याचे कारण नियमात कोठेच नव्हते. ते तज्ज्ञाच्या मनात होते आणि लिहून घेताना मागेच राहिले. ज्याला कारण ठाऊक आहे तो, मुलाचा जीव जात असताना आणि दुसरे औषध हाताशी नसताना, नियम मोडील. दात डागाळलेले परवडले, असे म्हणेल. ज्याच्याजवळ केवळ नियम आहे तो नियम पाळील. ‘का?’ या प्रश्नाला यंत्र नियम दाखवीत असे, नियमाला ‘का?’ विचारण्याची सोय नव्हती.

आज तो नियमही दाखविता येत नाही. अफाट लिखित मजकुरावरून भाषेचे आकृतिबंध शिकलेल्या अलीकडच्या प्रणालींत ज्ञान सुट्या वाक्यांच्या रूपाने नसते. म्हणून १९८२ ची ती पडताळणी, विसंगत नियमांचा आणि रिकाम्या जागांचा तो शोध, त्यांना तशाच रीतीने लागू करता येत नाही. विचारले तर त्या कारण सांगतात, आणि पुष्कळदा सुरेख भाषेत सांगतात. पण सांगितलेले कारण हेच उत्तरामागचे कारण होते, याची हमी नाही. त्यांची परीक्षा बहुधा प्रश्नसंचांनी होते. उत्तरसूची तज्ज्ञांनीच केलेली असते, आणि कित्येकदा प्रश्न आधीच वाचनात येऊन गेले असण्याचीही शंका राहते. उपचारकर्त्यांची नावे झाकण्याचा जो विवेक १९७९ मध्ये दाखविला गेला, तो सर्वत्र दिसतोच असे नाही.

मायसिनचा नित्याच्या उपचारात कधीच वापर झाला नाही. एका रुग्णाची माहिती भरण्यास अर्धा तास लागे, त्या काळी रुग्णालयांतून संगणकांची सोय नव्हती, आणि सल्ला चुकला तर उत्तरदायी कोण, याचा उलगडा कोणी केला नव्हता. त्यातील वैद्यकीय ज्ञान काढून उरलेला सांगाडा पुढे दुसऱ्या प्रणालींसाठी उपयोगात आला. १९७९ च्या तक्त्याची चर्चा मात्र चालू राहिली. आणि तिच्यात प्रायः एका ओळीकडे दुर्लक्ष झाले आहे. रुग्णांवर प्रत्यक्षात झालेल्या उपचारांची ती ओळ. तिला ५७.५ टक्के मान्यता मिळाली. ८० पैकी ३४ वेळा तो उपचार अग्राह्य ठरला. ते डॉक्टर परीक्षेला बसलेले नव्हते. त्यांच्यापुढे नीटनेटकी उतरवलेली हकीकत नव्हती, अहवाल यावयाचे होते, आणि औषध तेव्हाच द्यावयाचे होते. दहा ओळींपैकी त्याच एका ओळीतली औषधे कोणाच्या तरी शिरेत गेली.